विंडोज १० संपलं आणि कॉम्प्युटर स्लो झाला: ही दोन वेगळी दुखणी आहेत

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरच्या स्क्रीनवर पाटी यायला लागली होती की तुमचा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही, नवा घ्यायचा विचार करा. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली, वाशी, नेरूळला असे कितीतरी कॉम्प्युटर आहेत, जे दहा-बारा वर्षांपूर्वी मुलांच्या बारावीला किंवा इंजिनीअरिंगला म्हणून घेतले गेले. मुलं नोकरीला लागली, कुणी पुण्याला गेलं, कुणी परदेशी. कॉम्प्युटर आईवडिलांकडे राहिला. आता त्यावर लाइट बिल भरलं जातं, सोसायटीचा हिशेब ठेवला जातो, नातवंडांचे फोटो साठवले जातात.

सोसायटीत ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, त्याचा फोन अशा वेळी वाजतच असतो. मला विचारला जाणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला आहे: "अरे, विंडोज संपलंय म्हणे. म्हणूनच आमचा इतका स्लो चालतो का?"

नाही. सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर एका सेकंदानेही मंद होत नाही. १३ ऑक्टोबरला तो जसा रडतखडत चालत होता तसाच १५ ला चालला. सपोर्ट संपणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. मंदपणा हा बहुतेक वेळा एखाद्या जुन्या पार्टचा किंवा दोन-चार सेटिंग्जचा प्रश्न असतो. दुकानात मात्र दोन्हींवर एकच औषध मिळतं: नवा लॅपटॉप. ते घेण्याआधी ही दोन दुखणी वेगवेगळी तपासून घ्या.

## संपलं म्हणजे नेमकं काय संपलं?

सोसायटीच्या लिफ्टचं वार्षिक देखभालीचं कंत्राट संपलं, की त्या दिवशी लिफ्ट बंद पडत नाही. ती वर-खाली होतच राहते. फक्त बिघाड झाला तर कंपनीचा माणूस येत नाही. विंडोज १० चं तेच झालं आहे. विंडोज सुरू होतं, वर्ड उघडतं, प्रिंटर चालतो. थांबलाय तो दर महिन्याला येणारा दुरुस्तीचा हप्ता, म्हणजे पॅच.

लिफ्टची उपमा इथवरच चालते. कारण लिफ्ट बिघडावी म्हणून कुणी टपून बसलेलं नसतं. विंडोजमध्ये मात्र नवनव्या त्रुटी सापडत राहतात, आणि त्या शोधणाऱ्यांत भलेही असतात आणि चोरही. विंडोज ११ साठी एखादा पॅच निघाला, की त्यात काय दुरुस्त केलंय ते पाहून तीच त्रुटी विंडोज १० मध्ये आहे का, हे चोराला तपासता येतं. जुन्या घरात ती तशीच उघडी असते.

हे नुसतं घाबरवणं नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या अशाच एका त्रुटीचा पॅच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय येऊन आदळला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्रोग्रॅम होता. जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्याने तीच त्रुटी वापरली आणि सोबत चोरलेले पासवर्डही. त्याचा फटका थेट आपल्या शेजारी, उरणजवळ न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसला. ते टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक करणाऱ्या समूहाचं, आणि त्या समूहाचे कॉम्प्युटर जगभर बंद पडल्यामुळे इथल्या कंटेनरची ये-जा अडकली. गंमत म्हणजे नॉटपेट्या पसरायला सुरुवात झाली ती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. न्हावा शेव्याला कुणी काही चुकीचं क्लिक केलंच पाहिजे असं नव्हतं.

## "पण आमच्याकडे अँटिव्हायरस आहे"

असू द्या, काढू नका. पण अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या किंवा संशयास्पद फायली पकडतो. विंडोजमधली मूळ त्रुटी तो बुजवत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरला विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत व्हायरसच्या नव्या ओळखी मिळत राहणार आहेत. घरच्या वापराला तो पुरतो. फुकटचे दोन अँटिव्हायरस एकावर एक बसवून ठेवलेले कॉम्प्युटर मी पाहिले आहेत. ते दोघे एकमेकांवर पहारा देतात आणि मालक बिचारा थांबून राहतो.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे "आम्ही कुठे बँकेचं काही करतो?" ईमेल तर उघडता? बँकेचा, आयकराचा, मुलाच्या शाळेचा, सगळ्यांचा पासवर्ड विसरला तर नवा करायची लिंक त्या ईमेलवरच येते. ईमेल गेला की बाकी सगळ्याची दारं उघडली.

## मुदतवाढ मिळते, आणि पैसे न देताही

बऱ्याच लोकांपर्यंत ही गोष्ट पोहोचलेलीच नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा पॅचची एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती घ्यायचे तीन मार्ग आहेत. ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरायचे, मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट खर्चायचे, किंवा विंडोज बॅकअप सुरू करून आपली सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडायची. तिसऱ्या मार्गाला पैसे लागत नाहीत.

सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' उघडून 'विंडोज अपडेट'वर जा. तिथे मुदतवाढीसाठी 'एनरोल'ची लिंक दिसते. दिसत नसेल तर आधी सगळी प्रलंबित अपडेट टाका, कारण त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, लागते. कुठली आहे ते सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या वाटेने कळतं. मायक्रोसॉफ्टचं खातंही लागतं. एका खात्यावर दहा कॉम्प्युटर नोंदवता येतात, म्हणजे एका खात्यात अख्खं कुटुंब बसतं.

एक पथ्य पाळा. बॅकअप सुरू करताना डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचे फोल्डरही वर चढवायचे का, असं विचारलं जातं. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, फुकट जागा ५ जीबी मिळते. नातवंडांच्या फोटोंनी ती भरायला वेळ लागत नाही, आणि मग जागा विकत घ्या म्हणून रोज पाटी. फोल्डर बंद ठेवा, फक्त सेटिंग्ज जाऊ द्या. मुदतवाढीला तेवढं पुरतं.

## विंडोज ११ खरंच चालणार नाही का?

'पीसी हेल्थ चेक' नावाचा मायक्रोसॉफ्टचा मोफत प्रोग्रॅम याचं उत्तर देतो, आणि नाही म्हटलं तर का नाही तेही सांगतो. ते कारण नीट वाचा. ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि ती पिढी २०१७ च्या उत्तरार्धात आली. प्रोसेसरच्या नावात आय५ किंवा आय३ च्या पुढे जो आकडा असतो त्यावरून पिढी कळते. ४४६० म्हणजे चौथी, ८२५० म्हणजे आठवी. प्रोसेसर जुना असेल तर विषय संपला.

पण प्रोसेसर चालण्यासारखा असून फक्त 'टीपीएम २.०' नाही असं लिहिलेलं असेल, तर थांबा. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्या जपून ठेवणारा सुरक्षेचा भाग. त्या काळच्या बऱ्याच मशीनमध्ये तो प्रोसेसरसोबतच येतो, फक्त बंद ठेवलेला असतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, तो इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने सापडतो. हे काम जाणकाराला बसवून करा. आधी महत्त्वाच्या फायलींची कॉपी काढून ठेवा. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोस बदलल्यावर विंडोजने ती की मागितली आणि कुणाकडेच नसली, तर आतल्या फायलींना मुकाल.

## "आमच्याकडचा मुलगा टाकून देतो म्हणाला, सगळं करून"

जबरदस्तीने विंडोज ११ टाकता येतं, हे खरं आहे. अट तपासणारा भाग चुकवून ते बसवतात आणि ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दर वर्षीची मोठी आवृत्ती टाकताना पुन्हा तीच कसरत आली. म्हणजे ज्या अपडेटसाठी हा खटाटोप केला त्यांचंच काही खरं नाही.

त्याहून वाईट म्हणजे 'फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो'. बहुतेक वेळा त्यात डुप्लिकेट विंडोज येते आणि ती चालू करायला ॲक्टिव्हेटर वापरतात. तो चालावा म्हणून आधी डिफेंडर बंद करावा लागतो. जे सॉफ्टवेअर आत यायलाच पहारेकऱ्याला बाहेर काढा म्हणतं, त्यावर काय विश्वास ठेवायचा? आणि बऱ्याचदा याची गरजही नसते. लॅपटॉप विंडोजसकट घेतलेला असेल तर त्याचं लायसन्स मशीनमध्येच नोंदलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह बनवून तीच आवृत्ती परत टाकली की ती आपोआप अधिकृत होते. विंडोज १० अधिकृत असेल आणि मशीन पात्र असेल, तर ११ वर जायलाही पैसे पडत नाहीत.

## आता मंदपणाकडे: आधी कोण थकलंय ते बघा

माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी उघडली जाणारी खिडकी म्हणजे टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबा. छोटीशीच खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील आणि प्रत्येकावर टक्के. कॉम्प्युटर सुरू करा, पाच-दहा मिनिटं काहीही उघडू नका, आणि मग हे आकडे वाचा.

नेरूळच्या एका मावशींना मी हे फोनवर करायला लावलं होतं. "मी बटण दाबते आणि कुकर लावते," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या शिट्टीला येतो तो वर."

"मावशी, डिस्कखाली किती दिसतंय?"

"शंभर टक्के. चांगलंच ना रे? पैकीच्या पैकी."

काहीही उघडलेलं नसताना डिस्क बराच वेळ शंभरच्या आसपास अडकून राहत असेल, तर मंदपणाचं कारण बहुधा तिथेच आहे. आता 'परफॉर्मन्स' टॅबवर जा. डावीकडे 'डिस्क ०'च्या खाली एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं दिसतं. मावशींकडे एचडीडी होती.

एचडीडी म्हणजे फिरती हार्ड डिस्क. आत एक तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावर पुढे-मागे सरकत हवी ती जागा शोधते. एक जागा सापडायला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. ऐकायला काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाचते आणि अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर उड्या मारू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये असतं. ती सेकंदाला हजारोंनी अशा फायली काढून देते. विंडोज १० आली तेव्हा, २०१५ मध्ये, स्वस्त मशीनमध्ये सर्रास हार्ड डिस्कच असायची. पुढे अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च यांचं मागे चाललेलं काम वाढत गेलं, आणि दांडी तीच राहिली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात एचडीडीवर विंडोज चालते तिथे आधी एसएसडी घाला, बाकी सगळं नंतर. 'साटा' प्रकारची अडीच इंची एसएसडी त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते, आणि डेस्कटॉपमध्येही. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एका लहानशा हिश्शात हे काम होतं. दुकानदाराला सांगायचं की जुन्या डिस्कचं 'क्लोन' करून द्या, म्हणजे सगळ्या फायली आणि प्रोग्रॅम जसेच्या तसे येतील. आणि जुनी डिस्क परत मागा. ती यूएसबीच्या डबीत घातली की बॅकअपला कामी येते. काम झालं की ती काढून कपाटात ठेवायची. कायम जोडलेली ठेवली तर खंडणीवाला प्रोग्रॅम तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

## डिस्क ठीक आहे, पण मेमरी भरलीय

मेमरी म्हणजे रॅम, चालू कामाची जागा. कॉम्प्युटरमध्ये ४ जीबी रॅम असेल तर विंडोज आणि क्रोमचे पाच-सहा टॅब एवढ्यातच ती संपते. मग विंडोज जास्तीचा पसारा डिस्कवर ठेवायला लागते, आणि डिस्क जर फिरती असेल तर सगळंच ठप्प. ८ जीबी केली की घरची कामं निवांत होतात. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम कायमची चिकटवलेली असते, तेव्हा आधी मॉडेल बघून विचारा.

तोवर फुकटचे दोन उपाय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' सुरू करा, म्हणजे न पाहिलेले टॅब झोपी जातात. आणि टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब उघडा. कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण न बोलावता उठतं त्याची ती यादी आहे. प्रिंटरचा असिस्टंट, गाण्यांचं ॲप, मीटिंगचं ॲप, कधीकाळी घातलेला व्हिडिओ डाउनलोडर: यांच्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल'. याने ते काढून टाकले जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय उठत नाहीत. विंडोज सिक्युरिटी, ऑडिओ, टचपॅड आणि ग्राफिक्स यांना हात लावू नका.

## रोज बंद करूनही बंद न होणारा कॉम्प्युटर

टास्क मॅनेजरमध्येच 'परफॉर्मन्स'वर जाऊन सीपीयूवर क्लिक केलं की खाली 'अप टाइम' दिसतो, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते. रोज रात्री शट डाउन करणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवर तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो आणि तो चक्रावतो.

कारण आहे 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८ पासून शट डाउन केल्यावर उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा त्याच अवस्थेत डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उठवला जातो. त्यामुळे सुरू व्हायला वेळ कमी लागतो, पण आत साचलेला गोंधळही जपला जातो. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं कोरं होऊन नव्याने सुरू होतं. प्रिंटर दिसत नाही, आवाज गेला, वायफाय सापडत नाही, अशा तक्रारींवर पहिला उपाय रीस्टार्टच, आणि बंद करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. सारखंच असं होत असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. त्यात पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं ते ठरवायची जागा असते, तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका.

## साफसफाई करताना एका चौकटीला जपा

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की अपडेट अडकतात आणि विंडोज धापा टाकते. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे पुसता येण्यासारख्या गोष्टींची यादी येते. जुन्या विंडोजच्या आवृत्तीचे अवशेष कित्येक जीबी खाऊन बसलेले असतात, ते खुशाल पुसा. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स'चीही चौकट असते. उत्साहाच्या भरात सगळ्याच चौकटींवर टिचक्या मारल्या की व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली पॅनकार्डची पीडीएफ, विम्याची पावती, सगळं एका क्लिकमध्ये जातं, आणि कचऱ्याच्या टोपलीतही सापडत नाही.

क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर असलं काही फुकट घालू नका. विंडोजमध्ये आहे तेवढं पुरे.

## पावसाळा, खाडी आणि आठवड्यातून एकदा चालू होणारं मशीन

हा भाग पुण्या-नाशिकच्या वाचकाला कदाचित लागू नसेल. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि त्यात बांधकामांची धूळ. डेस्कटॉपचं बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच, आणि आतून बीप-बीप: जुलै-ऑगस्टमधली ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर थर चढलेला असतो. मेकॅनिक येतो, पट्टी काढतो, पेन्सिलीच्या खोडरबराने ते दात हलकेच घासतो, परत बसवतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. तुम्हीही करू शकता. प्लग भिंतीतून काढायचा, डब्याच्या धातूला हात लावून अंगातली वीज उतरवायची, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर काढायची. बसवताना खिट्ट्या 'टक्' वाजून बंद व्हायला हव्यात.

दुसरी तक्रार जास्त चकवणारी. एका सकाळी जवळजवळ कुठलीच साइट उघडत नाही. तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही, अशी इंग्रजी पाटी येते. माणूस इंटरनेटवाल्याशी भांडतो, राउटर बंद-चालू करतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख मात्र कुणी बघत नाही. ती कित्येक वर्षं मागे गेलेली असते. प्रत्येक सुरक्षित साइटचं एक प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असतं. तुमच्या घड्याळात २०१५ साल असेल, तर आजचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटतं आणि तो दार लावून घेतो. तारीख मागे जाते कारण मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, आणि आठवड्यातून एकदाच चालू होणाऱ्या मशीनचा सगळा भार त्याच्यावरच असतो. सीआर २०३२ हे त्याचं नाव, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सेल काढल्यावर तिथली सेटिंग्ज मूळ पदावर जाऊ शकतात.

## अचानक सायरन आणि फोन नंबर

सपोर्ट संपल्याच्या बातमीचा फायदा भामटे घेणार हे उघड आहे. ब्राउझरमध्ये काही वाचत असताना स्क्रीनभर पाटी येते: तुमची विंडोज संपली, व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा. सोबत कर्कश आवाज. ही फक्त एक वेबसाइट असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ४, तेही चाललं नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर 'एंड टास्क' करा. परत उघडल्यावर जुने टॅब परत हवेत का विचारलं तर नको म्हणा.

कोपऱ्यात सारख्या अशा पाट्या येत असतील, तर कधीतरी कुठल्याशा साइटला 'अलाऊ' म्हटलं गेलेलं आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या वाटेने जाऊन अनोळखी नावं काढा. आणि फोनवर कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप घातलंच असेल, तर आधी नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार द्या. पैसे गोठवायला पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

## मग नवा कधी घ्यायचा?

प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही, मुदतवाढ संपली किंवा संपत आलीय, आणि त्याच मशीनवर बँक, शेअर किंवा डिजिटल सहीचं काम होतं: तर नवाच घ्या. तिथे एसएसडीने मशीन पळेल, पण सुरक्षित होणार नाही. घेताना एसएसडी आणि किमान ८ जीबी रॅम बघा, जमलं तर १६.

मशीन फक्त ब्राउझर, ईमेल आणि यूट्यूबसाठी असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार करा. ते मोफत आहे, त्याला नियमित सुरक्षा अपडेट मिळतात, आणि न बसवताही पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं दुसरं काही लागत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका. आणि ब्राउझर अजून चालतोय म्हणून विंडोज १० वर निश्चिंत राहू नका. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, क्रोमने त्याला सुमारे तीन वर्षं सांभाळून घेतलं, आणि मग १०९ ही शेवटची आवृत्ती देऊन हात वर केले.

जुनं मशीन भंगारवाल्याला किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातली डिस्क काढून घ्या. ते जमणार नसेल तर सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'त 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि त्यातच 'क्लीन डेटा' सुरू करून रात्रभर चालू ठेवा. नुसत्या डिलीट केलेल्या फायली साध्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात, आणि त्यात तुमच्या आधारकार्डची स्कॅन कॉपी नक्की असेल.